अर्धा बसलेला प्रोसेसर

“चालू मशीनला दुसरा प्रोसेसर जोडतो, तात्या. मशीनला कळणार बी न्हाय,” असं म्हणून शशिधरनं दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली.

“मशीनला न्हाय कळलं तरी चालंल,” आकारामतात्या म्हणाले. “तू काय करायलायस त्ये तुला कळतंय न्हवं?”

आकारामतात्या कबनूरचे मागवाले, साडीचे यंत्रमाग चालवणारे. शाहूपुरीतल्या या ‘मृत्युंजय डिझाईन सेंटर’चं जुनं गिऱ्हाईक. आत्ता ते खुर्चीत टेकून बसले होते आणि त्यांच्या काखेत चपला होत्या. दुकान कुणाचंही असो, माणूस चपला बाहेर काढतो नाहीतर पायात ठेवतो. तात्या मात्र या एका खोलीत कायम चपला काखेत घेऊन यायचे, आणि त्याला कारण होतं.

शशिधरच्या वडलांनी, म्हणजे मृत्युंजयअप्पांनी, या खोलीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आणला तेव्हा शाहूपुरीत त्याचा केवढा बोलबाला झालता. त्याआधी साडीचा काठ म्हणजे आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत बसायचं काम. अप्पा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन महिना महिना एक मोर रंगवायचे. कॉम्प्युटर आला आणि तोच मोर आठवड्यात उभा राहायला लागला. मग अप्पांनी त्या खोलीला एसी लावला. घरातली माणसं पंख्याखाली, कॉम्प्युटर एसीत. दाराला पडदा, आत मॅट, उदबत्ती मात्र बंद, का तर धूर आत जातो. आणि चपला बाहेर. कबनूर, इचलकरंजीचे मागवाले कामाशिवाय नुसते बघायला यायचे, आत येऊन हात जोडायचे, पाच मिनिटं थंड बसायचे आणि “देवळात गेल्यागत वाटतंय” म्हणायचे. अशाच एका दर्शनाच्या वेळी तात्यांच्या कोऱ्या करकरीत कापशी चपला बाहेरून गेल्या. तात्या अनवाणी बसस्टँडला गेले. तेव्हापासून चपला काखेत.

आता तो एसी नव्हता. अप्पा नव्हते. तो कॉम्प्युटरही नव्हता. म्हणजे होता, पण वेगळ्या रूपात.

झालं असं, की महापुरात शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा जुना डबा कमरेएवढ्या पाण्यात दोन दिवस उभा होता. शशिधरची धाकटी बहीण शांभवी बेंगळुरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत. ती आली, डब्यातली डिस्क सोडवली, वाळवली, आणि एका नव्या कॉम्प्युटरच्या पोटात तो जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उभा केला. याला इम्युलेटर म्हणतात, तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी बराच विचार केला आणि विचारलं, “म्हंजे बहुरूपी?” तर व्हय, बहुरूपी. नवा कॉम्प्युटर जुन्याचं सोंग घेतो, आणि अप्पांच्या जुन्या प्रोग्रॅमला वाटत राहतं की आपण अजून त्याच एसीत, त्याच डब्यात बसलोय. तोच निळा पडदा, तीच जाडी अक्षरं. अप्पा पहिल्यांदा समोर बसले तेव्हा सवयीनं चपला काढून आले होते.

फक्त एक भानगड होती. त्या प्रोग्रॅमला एक किल्ली लागायची. कुलपाची नव्हे. बोटाएवढं एक डबडं, मागं खोचायचं, पुढं पितळी दातांची रांग. प्रोग्रॅम उघडताना एकदाच ते डबडं आहे का बघायचा. एकदा उघडला की परत विचारायचा नाही. तर त्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी अव्वानं, म्हणजे शशिधरच्या आईनं, देवाची भांडी घासायला काढली. अप्पांनी किल्ली टेबलावर ठेवलेली. तिला पितळेचे दात. ते काळे पडलेले. अव्वानं समया, घंटी, तांब्या यांच्याबरोबर किल्लीही चिंच-मीठ लावून लखलखीत घासली आणि उन्हात वाळत घातली. अशी चमकली म्हणता!

चमकली आणि मेली. किल्ली बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. नशीब एवढंच, की प्रोग्रॅम त्या वेळी उघडा होता.

अप्पांनी किल्ली हातात घेऊन थोडा वेळ बघितली, मग शशिधरला बाजूला घेऊन म्हणाले, “आता ह्ये मशीन बंद करायचं न्हाय. कधीच न्हाय. आन् तुझ्या आईला यातलं एक अक्षर कळता कामा न्हाय. जिवाला लावून घील ती.”

त्याला चार वर्षं झाली. अप्पांना जाऊन दोन. मशीन एकदाही बंद झालं नव्हतं. दोन इन्व्हर्टर लावलेले, एक थकला तर दुसरा. घरातले सगळे मिळून गावाला जात नसत. नृसिंहवाडीला दर्शनालासुद्धा पाळीपाळीनं. अव्वाला वाटायचं, पोरगं दुकानाला लई जपतंय.

आणि आता तात्यांना मोरकाठ पाहिजे होता.

तात्यांच्या लेकीचं, संयोगिताचं लग्न ठरलेलं. मंडळींनी त्यांच्या लग्नात नेसलेला शालू अप्पांच्या मोरकाठाचा होता, पाचही करवल्यांना तोच काठ पाहिजे, असा लेकीचा हट्ट. मग मूळ शालू कुठाय? तर मंडळींनी तो वाकळंत, गोधडीत, शिवून घातलेला. वरनं दोन थंड्या आणि एक बाळंतपण गेलं. आता मोराची नुसती टाच ओळखू येत होती.

“मोबाईलवर फोटू काढून दे की त्या पडद्याचा,” तात्या म्हणालेले.

“तात्या, फोटूत मोर दिसंल. मागाला मोर दिसत नसतोय. त्येला तार न् तार सांगावी लागती.”

तार न् तार सांगायची तर अप्पांचा प्रोग्रॅम मोर उतरवायला घेणार, शेपटीकडनं सुरू करून चोचीपर्यंत एकेक ओळ बाहेर पाठवणार. बहुरूप्याला प्रोसेसर एकच दिलेला, त्यामुळं काम म्हशीच्या चालीनं. तात्यांना घाई. शशिधरनं कुठंतरी वाचलं की चालू बहुरूप्याला मधेच आणखी प्रोसेसर देता येतो, बंद करावं लागत नाही. वाचलं आणि त्याचा जीव हुरळला. सकाळी त्यानं बहिणीला फोन केलता.

“देता येतो,” शांभवी म्हणाली होती. “पण अण्णा, आधी स्नॅपशॉट घे. आहे तसं मशीन गोठवून ठेव. काही झालं तर तिथनं परत उठवता येईल. मी गेली चार वर्षं हेच सांगत्येय.”

“गोठवायला त्ये काय श्रीखंड हाय?”

“अण्णा.”

“घेतो की. घाई काय हाय?”

आणि आता तात्यांसमोर त्यानं बोटं मोडली होती. स्नॅपशॉट घ्यायचा तर अर्धा तास जाणार; तात्या म्हणणार, याला जमंना. त्यानं सरळ कमांड टाकली आणि एंटर दाबलं.

इम्युलेटर बोलला: प्रोसेसर तयार. मग बोलला: प्रोसेसर जागेवर बसवला. मग बोलला: आतल्या मशीनला कळवता आलं नाही. आणि गप्प झाला.

निळ्या पडद्यावर सकाळी उतरायला लावलेला मोर होता तिथंच थांबला. माऊसचा बाण मोराच्या डोळ्यात अडकला.

“मशीनला कळलं न्हाय,” तात्या म्हणाले. “तू म्हटलंतास तसंच झालं की.”

शशिधर हसला. मग त्यानं तीच कमांड परत टाकली. इम्युलेटर बोलला: या नंबरचा प्रोसेसर आधीच बसलेला आहे. बरं, मग काढूया. काढायची कमांड टाकली. इम्युलेटर बोलला: उठायला सांगितलंय. एवढंच. उठला का, तर नाही. कारण आतल्या मशीननं “व्हय, घेऊन जा” म्हटल्याशिवाय काढता येत नाही, आणि आतल्या मशीनला तो आलाय हेच ठाऊक नाही.

शशिधरच्या कपाळावर घाम आला. त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“शांभवे.”

“काय केलंस?” नमस्कार नाही, काही नाही. बहीण ती.

त्यानं सांगितलं. मग तिनं विचारलं, “स्नॅपशॉट?”

शशिधरनं कपाळ पुसलं.

“बरं. कीबोर्डवरचा हात काढ. काढलास? खिशात घाल. आता ऐक. हे जुनं व्हर्जन आहे. त्यात एका ठिकाणी लिहिणाऱ्यानं लिहून ठेवलंय की इथं चूक होऊच शकत नाही. झालीच तर सगळंच बंद करून टाक. नीट रीत अशी असते, की प्रोसेसर बसवायचं निम्मं काम होऊन पुढं अडलं, तर केलेलं निम्मं निस्तरायचं आणि ज्यानं सांगितलं त्याला येऊन सांगायचं, बाबा जमलं नाही. इथं निस्तरतच नाही. अर्धा बसवलेला तसाच सोडून दिलाय. आता आणखी एक कमांड टाकलीस तर त्या बंद-करून-टाकवर पाय पडेल.”

“मग नव्या व्हर्जनात?”

“नव्यात केव्हाच दुरुस्त केलंय.”

“मग नवं घालूया की!”

“घाल. त्यासाठी जुनं बंद करावं लागतं.”

शशिधरनं डोळे मिटले. तात्यांनी काखेतल्या चपला दुसऱ्या काखेत घेतल्या आणि फोनकडं वाकून विचारलं, “शांभवी, मी आकाराम बोलतोय. मला समजंल असं सांग बाळ. ह्यो नवा जो आलाय त्यो नेमका हाय कुठं?”

“तात्या, तुम्ही मठाच्या जत्रेला जेवायला आलता, आठवतंय?”

“आठवतंय व्हय! त्ये इसरंन मी?”

ती गोष्ट अशी. मठाच्या जत्रेत पंगती सांभाळायचं काम अप्पांकडं. त्यांचे दोन नियम होते. पान मांडल्याशिवाय माणूस बसवायचा नाही, आणि बसलेला माणूस उठवायचा नाही. शशिधर तेव्हा कॉलेजात, नवी मिशी, पुढं पुढं करायची हौस. पंगत बसलेली, वाढप निम्म्यावर, आणि तात्या कबनूरहून उशिरा पोचले. शशिधर म्हणाला, “या पावणं, करतो की जागा!” आणि दोघांना सरकवून त्यानं तात्यांना मधे बसवलं. पान आणायला धावला, तर पानं संपलेली. तोवर वाढपी आले. आता वाढपी माणसं बघत नाहीत, पानं बघतात. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आली, तात्यांच्या पुढून गेली. भात आला, गेला. कढी आली, गेली. डावीकडचा भुरकतोय, उजवीकडचा भुरकतोय, मधे तात्या हात जोडून बसलेले. उठावं तर पंगतीचा अपमान, आणि बसावं तर पोटाचा.

“तसाच तो बसलाय,” शांभवी म्हणाली. “जागा मिळाली, पान मिळालं नाही. वाढपी त्याच्या पुढून जातायत. आणि आतला जुना प्रोग्रॅम कसाय, त्याच्या काळात माणसं सुरुवातीला मोजून बसवायचे. मधेच कोण येतो, हे त्याला माहितीच नाही.”

“बिचारा,” तात्या मनापासून म्हणाले. “लई वंगाळ वाटतंय ओ तसं बसायला.”

“मग करायचं काय?” शशिधर ओरडला.

“अप्पांनी काय केलं होतं?”

शशिधरला तो मांडव दिसला, पिवळे दिवे, हुग्गीचा वास. अप्पांनी लांबनं बघितलं होतं. वाढप्यांवर ओरडले नाहीत, पोरावर ओरडले नाहीत, तात्यांना उठवलं नाही. नुसते आले, धोतर आवरून तात्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले, तेही पानाशिवाय, आणि कबनूरच्या मागांचं, पावसापाण्याचं बोलत राहिले, पंगत उठेपर्यंत. मग पुढच्या पंगतीला दोघं शेजारी शेजारी जेवले. मोरकाठाचं पहिलं बोलणं त्याच पंगतीत झालं होतं.

“काय बी केलं न्हाय,” शशिधर हळू म्हणाला.

“मग तेच कर. बसू दे त्याला. हात लावू नको. इम्युलेटर थोडा वेळ अडून बसेल, मग बाकीची पंगत आपोआप चालू होईल.”

तिघं वाट बघत बसले, एक फोनमध्ये. बाहेर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं, तिचं गाणं वाजून संपलं. तात्यांनी चपला मांडीवर घेतल्या. शशिधर त्या निळ्या पडद्याकडं बघत होता. या खुर्चीच्या पाठीला अप्पांच्या टकलाच्या तेलाचा डाग अजून होता. या पडद्यावरचे सगळे काठ त्यांचे, रुईफुलाचे, कोयरीचे, एक तर अव्वाच्या नावानं ठेवलेला ‘शांतादेवी’, जो त्यांनी कधी कुठल्या मागवाल्याला विकला नाही. मशीन गेलं तर अप्पा दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी शशिधरच्या हातनं.

माऊसचा बाण हलला.

आधी एवढासा. मग मोराच्या डोळ्यातनं निघून मानेवर आला. खालची पट्टी पुढं सरकली, आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर शेपटीची पहिली ओळ येऊन पडली.

“चालू झालं!” तात्या उभे राहिले आणि चपला खाली पडल्या. “आलं पान! आलं पान!”

“पान न्हाय आलं तात्या, पंगत चालू झाली. त्यो बसलाय तसाच.”

“बसू दे. त्येला माझा नमस्कार सांग.”

“अण्णा,” फोनमधनं शांभवी म्हणाली, “मोर पुरा उतरू दे. उद्या दुपारपर्यंत होईल. तोवर काही करू नको. झाला की त्या क्षणाला स्नॅपशॉट. मी फोनवर बसते, आपण मिळून घेऊ.”

तेवढ्यात अव्वा चहा घेऊन आत आली. सत्तरीची, कपाळावर विभूती, पदर खोचलेला. शेवटचं वाक्य तिनं ऐकलं. “उद्या कसलं काम काढलंय? उद्या खंडेनवमी हाय. उद्या यंत्राला हात लावायचा न्हाय. तुझ्या अप्पांनी आयुष्यात कधी लावला न्हाय.”

“व्हय की,” शशिधर म्हणाला. संकट टळलं होतं आणि त्याचा आवाज परत जागेवर आला होता. “शांभवे, परवा घेऊया. दसरा. साडेतीन मुहूर्तातला एक. यापेक्षा चांगला स्नॅपशॉट व्हायचा न्हाय.”

“अण्णा, मुहूर्त कसला? अण्णा, ऐक—”

“ठेवतो गं. चहा गार व्हायलाय.”

अव्वानं तात्यांना कप दिला. “उद्या सकाळी पूजा करतो आन् झोपवतो त्येला. दरवर्षीगत.” अव्वा कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी करतो-येतोच बोलायची. खंडेनवमीला ती पडद्याला हळदीकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची आणि पडद्याचं बटण दाबायची. पडदा काळा. हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी सोनं वाहून परत बटण. अप्पांनीच शिकवलेलं: ह्यो पडदा म्हंजे कॉम्प्युटर, ह्ये बटण दाबलं की झोपला.

शशिधर हसला. आत्ताच त्याच्या हुशारीचं तात्यांसमोर भजं झालं होतं. कुठंतरी ती परत मिळवायला पाहिजे होती.

“अव्वा, तू इतकी वर्षं नुसता पडदा बंद करायलीस. त्यो कॉम्प्युटर न्हवं. तात्या, ऐकलं का? कॉम्प्युटर म्हंजे त्यो खालचा काळा डबा. त्येच्या मागं ती जाड पिन दिसती न्हवं, त्यातनं त्येला करंट जातोय.”

अव्वा वाकून टेबलाखाली बघत राहिली. “म्हंजे तुझ्या अप्पांनी मला खोटं सांगितलं?”

“खोटं म्हंजे... सोपं करून सांगितलं.”

“मग खंडेनवमीला ह्यो झोपतच न्हवता?”

“झोपतोय कसला! चार वर्षं झाली, एक मिनिट बंद न्हाय,” शशिधर छाती फुगवून म्हणाला. “असं मशीन अख्ख्या शाहूपुरीत दावा.”

“चार वर्षं?” अव्वा म्हणाली. तिनं डब्यावर हात ठेवला. डबा गरम होता. “आरं देवा.”

तात्या चहा पिऊन, चपला काखेत मारून कबनूरला गेले. मोर रात्रभर शेपटीकडनं वर सरकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिधर कपिलतीर्थ मंडईत फुलं आणायला गेलता. झेंडूच्या ढिगाशी बाया भांडत होत्या, गाड्या एकमेकांत अडकलेल्या, आपट्याच्या फांद्या घेऊन पोरं मधनंच पळत होती. त्याला अप्पांबरोबर सायकलवर इथं येणं आठवलं. अप्पा कॉम्प्युटरसाठी वेगळी माळ घ्यायचे, बारक्या फुलांची, का तर मोठी फुलं पडद्यावर जड होतात. त्यानं बारक्या फुलांची माळ शोधून घेतली. भाव केला नाही.

तो परत आला तेव्हा खोलीत शांत होतं. इतकं शांत त्या खोलीत चार वर्षांत कधी नव्हतं. दोन्ही इन्व्हर्टरचे दिवे हिरवे होते.

काळ्या डब्याला हळदीकुंकू लावलेलं होतं. पुढं नारळ, विडा, चमचाभर साखर. मागची जाड पिन काढून वायर व्यवस्थित वेटोळं करून, वर दोरा बांधून ठेवलेली होती.

अव्वा मांडी घालून समोर बसली होती. “आलास? माळ दे. चार वर्षांचं दमलेलं रे बिचारं, निजलंय बघ कसं. उद्या सोनं वाहून परत लावूया.”

शशिधर तिच्या समोर जमिनीवर बसला.

“व्हय अव्वा,” तो म्हणाला. “उद्या लावूया.”

त्यानं माळ दिली. तिनं ती डब्याला घातली.

बाकीचे काठ आत राहिले. मोर शेपटीपासनं मानेपर्यंत उतरला होता. चोच राहिली.